नऊ बशा आणि भाऊजींचा अंगठा

स्वयंपाकघरात माझ्या हातून चुका बऱ्याच झाल्या. एकदा सासूबाईंच्या माहेरच्या माणसांना मी मीठ न घातलेलं भरीत वाढलं, आणि त्या बिचाऱ्यांनी ‘जळगावाकडे असंच करत असतील’ म्हणून ते मुकाट्याने संपवलं. पण ज्या पदार्थामुळे एका माणसाची सात वर्षं वाया गेली, तो पदार्थ कोणी चाखलासुद्धा नाही. तो मी दोन उकळ्या काढून, मलमलच्या फडक्यातून गाळून, नऊ काचेच्या बशांत असा ओतला होता की नऊही बशा जुळ्या बहिणींसारख्या दिसाव्यात. ओतून झाल्यावर कमरेवर हात ठेवून मी त्यांच्याकडे कौतुकाने पाहत उभी राहिले होते. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि मांडे करण्यात माझ्या मते एम.ए.

तो माणूस म्हणजे माझे धाकटे दीर, आमचे भाऊजी. या भूतलावर असा दुसरा गृहस्थ नसेल, ज्याने आपल्या डोळ्यांवर कधी विश्वास ठेवला नाही आणि उजव्या हाताच्या अंगठ्यावर मात्र देवासारखा ठेवला. दिसेल ती वस्तू ते दाबून बघत. उशी, गादी, भाकरी, साबणाची वडी, सायकलचं सीट, गणपतीपुढचा मोदक, शेजारच्या तान्ह्या बाळाचा गाल, सासूबाईंच्या सुजलेल्या पायाचा घोटा, काही म्हणून सुटत नसे. आमच्याकडे फ्रीज आला, गल्लीतला पहिला, तेव्हा सगळी गल्ली आत किती गार आहे ते बघायला आली, आणि भाऊजी दाराच्या कडेचं रबर दाबत पाऊण तास उभे राहिले. हिवाळ्यात भरताची वांगी घ्यायला त्यांना कोणी पाठवत नसे, तरी ते जात. पांढरट हिरवी, हलकी, मोठाली वांगी एकेक उचलून दाबत. भाजीवाली शेवटी ओरडली, “ओ मास्तर, घ्यायचं असंल तं घ्या! वांग्याची नाडी काय बघता?” त्यावर भाऊजी गंभीरपणे म्हणाले, “नाडी नाही मावशी, ताण बघतोय.” पुढे त्याच भाजीवालीने, कोणतं वांगं बियाळ निघेल ते ओळखून द्या म्हणून त्यांना चहा पाजल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एरंडोलला मुलगी बघायला गेले, तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. समोर बेसनाचे लाडू आले. मुलगी आली, बसली, तिने नाव सांगितलं. भाऊजींनी ताटलीतले पाचही लाडू एकामागून एक दाबले, आणि डावीकडे मऊ, उजवीकडे कडक अशी रांग लावून ठेवली. भाऊजी म्हणाले, “हा शेवटचा वळताना तूप निवत आलं होतं.” आठ दिवसांनी निरोप आला की मुलीला पसंत नाही, कारण मुलगा सबंध वेळ लाडवांकडे बघत होता. सासूबाई धुळ्याकडच्या. रागावल्या की त्यांना शुद्ध मराठी सुचत नसे, अहिराणीच तोंडी येई. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “माय वं! हाऊ पोऱ्या येडा शे का?” भाऊजी शांतपणे म्हणाले, “पण लाडू तिनेच केले असतील तर हुशार आहे हो.”

आता हे वेड कशातलं, ते सांगायला हवं. जळगावातल्या एका कॉलेजात भाऊजी प्राणिशास्त्र शिकवत. एक-दोन शनिवारांआड एस.टी.ने धुळ्याला जात. तिथे त्यांचा एक शाळूसोबती शल्यविशारद होता. त्याने शस्त्रक्रियेत काढलेल्या कर्करोगाच्या गाठींचे लहान लहान तुकडे तो बाटल्यांत घालून भाऊजींना देई. त्या बाटल्या कापडी पिशवीत मांडीवर घेऊन भाऊजी परत येत. एकदा पारोळ्याला शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, “लोनचं शे का भो?” खोटं बोलणं भाऊजींना येत नव्हतं. त्यांनी बाटलीत काय आहे ते नीट समजावून सांगितलं. पारोळ्यापासून जळगावपर्यंत त्या बाकावर ते एकटेच बसून आले, आणि घरी येऊन म्हणाले, “वहिनी, आज गाडीला अजिबात गर्दी नव्हती.”

त्या तुकड्यांचे पातळ काप करून, रंगवून ते सूक्ष्मदर्शकाखाली बघत. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्या शरीराची राखण करतात, एवढं मीही शाळेत पाठ केलं होतं. भाऊजींना दिसलं ते असं, की या राखणदार पेशी गाठीपर्यंत येतात, भोवती दाटी करून उभ्या राहतात, पण कडक गाठीच्या आत फारशा शिरत नाहीत. सगळे म्हणत, त्या पेशी दुबळ्या असतील किंवा त्यांना शत्रू ओळखू येत नसेल. भाऊजींचं म्हणणं वेगळं होतं. मी भाकऱ्या थापत असताना चुलीशेजारी पाट ओढून त्यांनी मला ते निदान शंभर वेळा सांगितलं असेल. “वहिनी, बाजाराच्या दिवशीची यावलची गाडी आठवा. दारापर्यंत माणूस खचाखच. केळीचे घड, कोंबड्या, गाठोडी. कंडक्टर चांगला धडधाकट आहे, प्रामाणिक आहे, विनातिकीट कोण हेही त्याला ठाऊक आहे. पण आत शिरणार कसा? तो आपला पायरीवर लोंबकळतोय, आणि आतले फुकटे मजेत यावलला पोचतात. सगळे कंडक्टरला औषध द्यायला निघालेत. मी म्हणतो, आधी गाडी किती घट्ट भरलीय ते मोजा!”

मी “हं, हं” म्हणत असे. माझं लक्ष तव्याकडे. आज वाटतं, त्या शंभरातलं एकदा जरी नीट ऐकलं असतं, तरी पुढची कथा घडली नसती. पण दिराचं बोलणं ऐकायचं असतं, कळून घ्यायचं नसतं, अशी काहीतरी त्या सत्तावीस वर्षांच्या बाईची समजूत होती.

तर हे मोजायला भाऊजींनी एक युक्ती काढली. दुकानात ज्याला आपण चायना ग्रास म्हणतो, तसल्याच पदार्थाची प्रयोगशाळेतली शुद्ध पूड आणून ते नऊ झाकणाच्या काचेच्या बशांत त्याचा थर जमवत. पहिल्या बशीत अगदी मऊ, लिबलिबीत. दुसरीत किंचित घट्ट. असं करत करत नववीत खरवडायला नख लागेल इतका कडक. प्रत्येक थरावर पांढऱ्या पेशींचा एक थेंब सोडायचा, आणि काही तासांनी त्या किती खोल शिरल्या ते सूक्ष्मदर्शकातून मोजायचं. पेशींसाठी रक्त लागे. ते भाऊजी स्वतःचं काढत, नाहीतर घरच्यांचं मागत. आमचे हे तर धाकटा भाऊ समोरून येताना दिसला की दोन्ही हात खिशात घालत. कॉलेजात फ्रीज होता, पण त्याची किल्ली ज्यांच्याकडे असे, ते गृहस्थ नेहमी रजेवर. म्हणून आमच्या फ्रीजचा मधला कप्पा भाऊजींचा झाला. त्यावर ओलं फडकं, फडक्यावर चिठ्ठी: ‘हात लावू नये’. गंमत म्हणजे ही ताकीद ते स्वतःही पाळत. साऱ्या जगाला अंगठा लावणारा माणूस या नऊ बशांना मात्र कधी बोट लावत नसे. बोट लागलं की थर नासतो म्हणत.

तीन वेळा त्यांनी तो प्रयोग केला. तीनही वेळा मऊ बशीत पेशी खोल गेल्या आणि कडक बशीत वरच अडल्या. त्यांनी ते मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेतल्या सरांना लिहून कळवलं. सरांचं उत्तर आलं की अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी मी भुसावळला येतो आहे, तिथून जळगावला उतरेन, प्रयोग माझ्यासमोर करा. जमला तर आमच्याकडे एक जागा आहे. भाऊजींनी ते पत्रसुद्धा दाबून पाहिलं. कॉलेजातल्या पोरांना शिकवत, बाटल्या वाहत, उसन्या सूक्ष्मदर्शकावर वाकून काढलेल्या आठ वर्षांचा निकाल त्या एका दिवसावर होता.

आदल्या दुपारी ते धुळ्याला गाठींचे तुकडे आणायला गेले. आखाजी, म्हणजे आमची अक्षय्यतृतीया, तोंडावर, ऊन मी म्हणत होतं, दीपनगरचं वीजकेंद्र हाकेवर असूनही वीज येऊन-जाऊन होती. घरात आमरसाचं पातेलं ठेवायला जागा हवी म्हणून मी मधला कप्पा आवरायला घेतला. फडकं काढलं. एक नंबरची बशी उचलली तर आतला थर लुदूलुदू हलला. नऊ नंबरची उचलली तर आत दगड. मधल्या प्रत्येकीची तऱ्हा निराळी. उद्या मुंबईचे सर येणार, आणि त्यांच्यासमोर हे? एक धड जमलेलं नाही, दुसरं दगडासारखं! काय म्हणतील, या घरात बाई आहे की नाही? बिचारे भाऊजी, संसार नाही, हाताला वळण नाही, आणि वहिनी असून तिने बघितलं नाही!

मी पदर खोचला. नऊही बशांतला ऐवज एका पातेल्यात काढला, दोन उकळ्या दिल्या, गाळला, आणि समसमान ओतला. साखर आणि वेलदोडा घालण्याचा मोह झाला होता, पण हे शास्त्राचं काम आहे म्हणून मी मन आवरलं. तेवढी अक्कल होती. एक ते नऊ आकड्यांची झाकणं ज्याची त्याला लावली. फडकं, चिठ्ठी, सगळं जागच्या जागी. सांगायचं नाही असंही मी ठरवलं, कारण केलेलं काम बोलून दाखवू नये, अशी माझी फार थोर तत्त्वं होती.

सकाळी भाऊजी बशा घेऊन कॉलेजात गेले. सर आले, थेंब सोडून झाले. पेशी आपला रस्ता काढेपर्यंत दोघं जेवायला घरी आले. मी खापरावरचे मांडे केले होते, हातावर खेळवून, पलीकडचा माणूस दिसेल इतके पातळ. सर खूश झाले. म्हणाले, “इतकं एकसारखं कसं काय जमतं हो तुम्हाला?” मी मान वेळावून म्हटलं, “ते हातातच असावं लागतं.” त्या बाईला आज भेटले तर तिच्या कानाखाली एक देईन.

संध्याकाळी गाडीच्या आधी चहाला दोघं परत आले. मी कपबशा घेऊन बाहेर जात होते, तेवढ्यात सर म्हणाले, “नऊच्या नऊ अगदी सारख्या. काडीचा फरक नाही.” मी दारातच फुलले. आता भाऊजी म्हणणार, ही आमच्या वहिनींची... आणि मग मी भाऊजींचा चेहरा पाहिला. कोणीतरी आतून दिवा काढून घेतल्यासारखा. सर मायेनेच बोलत होते. “आधीचे तीन प्रयोग तुम्ही एकट्याने मोजले होते ना? होतं असं. माणसाला जे दिसावंसं वाटतं, तेच दिसायला लागतं. वाईट वाटून घेऊ नका.” भाऊजी म्हणाले, “आजचाच खरा धरायला हवा. आज मी सगळ्यात जास्त काळजी घेतली होती.”

चुलीजवळ ऐकलेली ती शंभर भाषणं एकदम एकत्र ऐकू आली. मऊ, कडक, मऊ, कडक. त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी काय केलं? मी विचारलं, “साखर पुरे ना?” आणि भाऊजींनी परत आणलेल्या त्या नऊ बशा रात्रीच्या भांड्यांबरोबर घासून ठेवल्या.

चार महिने मी गप्प होते. आधी म्हटलं, पाहुणे गेले की सांगू. मग म्हटलं, ते सावरले की सांगू. ते सावरेनात. आरडाओरडा नाही, उपास नाही, फक्त अंगठा थांबला. ताटातली भाकरी न दाबता खायला लागले. उशी मिळेल ती डोक्याखाली. धुळ्याला जाणं बंद. बाजारातून पहिल्याच ढिगातली वांगी घेऊन आले आणि ती सगळी बियाळ निघाली, तेव्हा सासूबाई घाबरल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “याले काय व्हयनं वं? हातमा वांगं लिसनबी दाबत नही. कोन्ही करनी तं नही करी?” करणी केलेली बाई त्यांच्यासमोरच उभी होती, हातात लाटणं घेऊन.

पोळ्याच्या दिवशी मी परातीत मांड्यांची कणीक तिंबत होते. भाऊजी चुलीशेजारी पाटावर येऊन बसले आणि सहज म्हणाले, “वहिनी, मुंबईच्या सरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती, पुन्हा करून दाखवा म्हणून. काल पत्र टाकलं, की मी हा विषय सोडला. माझा अंगठा मला फसवत होता.”

मग मात्र मला राहवलं नाही. कणकेतले हात तसेच ठेवून मी सगळं सांगून टाकलं. रडत सांगितलं, म्हणजे फारच वाईट सांगितलं. मग भाऊजींचे वकिलासारखे प्रश्न सुरू झाले.

“उकळ्या किती दिल्या?”

“दोन.”

“सगळं एकत्र करून?”

“हो.”

“साखर?”

“देवाशप्पथ नाही.”

“वेलदोडा?”

“मनात होता. पण नाही घातला.”

“झाकणं ज्याची त्याला?”

“एक नंबरपासून नऊपर्यंत.”

भाऊजींनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “म्हणजे बशा सारख्याच होत्या. मला ते ठाऊक नव्हतं. सरांनाही नव्हतं. मला फरक हवा होता, वहिनी. जीव तोडून हवा होता. तरी मी सारखंच मोजलं.” आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “मग आधीच्या तीन वेळी मी मनाचं कसं मोजलं असेन?”

मला त्यातलं तेव्हा निम्मंच कळलं. पुढे त्यांनी मुंबईला आठ पानांचं पत्र पाठवलं. सरांचं उत्तर आलं, की तुमच्या चारही प्रयोगांत हा चौथा सर्वात उत्तम, असा मुद्दाम करायचा म्हटला तरी सुचला नसता; पण तुमचं आधीचं पत्र मिळाल्यावर जागा दुसऱ्याला दिली, क्षमस्व. ती जागा गेली ती गेलीच. भाऊजींनी पुन्हा धुळ्याची गाडी धरली, पुन्हा बाटल्या, पुन्हा मधला कप्पा. सात वर्षांनी दक्षिणेकडच्या एका प्रयोगशाळेने त्यांना बोलावलं, तेव्हा कानशिलं पांढरी झाली होती आणि वरचा साहेब त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान होता. त्यांचा पहिला लेख छापून आला, त्यात शेवटी बारीक अक्षरात माझे आभार मानलेले होते. आमच्या यांनी तो मजकूर सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “माय वं, बशा उकळ्यात म्हनीसन नाव छापतस?” मी तो लेख पूजेच्या पुस्तकांत ठेवला आहे. नातवंडांना दाखवते आणि खरी हकीगत सांगते, म्हणजे आजीला फार मोठी समजू नयेत.

आता सासूबाई नाहीत. भाऊजी आखाजीला चार दिवस येतात. त्यांच्या प्रयोगशाळेत म्हणे कडकपणा मोजायला यंत्र आहे, काट्यावर आकडा येतो, अंगठ्याचं काम उरलेलं नाही. ते परत गेले की फ्रीजचा मधला कप्पा मी दोन दिवस मोकळाच ठेवते. का ते विचारू नये. बाजारातून आणलेली वांगी तशीच टोपलीत पडून असतात, कोणी दाबलेली नसतात, आणि हल्ली निम्मी बियाळ निघतात.

पण पोळ्याच्या त्या सकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं. एवढं सगळं बोलून झाल्यावर भाऊजी पाटावरून उठले. वही काढायला आतल्या खोलीकडे निघाले. मी परातीशी खाली मान घालून बसले होते, आता हा माणूस माझ्याशी जन्मात बोलणार नाही असं धरून. ते दारातून मागे फिरले. वाकले. चार महिन्यांनी पहिल्यांदा त्यांचा उजवा अंगठा पुढे आला, माझ्या कणकेच्या गोळ्यात रुतला, आणि थोडा वेळ तसाच थांबला. मग ते म्हणाले,

“घट्ट झालीय, वहिनी. अजून थोडं पाणी घाला.”